नावं ठेवण्याचं चांगलं काम



नावं ठेवणं हे काम आपल्याकडे उगाचच बायकांच्या माथी मारलेलं आहे. चार जणी बस्तीच्या ओट्यावर बसल्या की घरच्या पुरुषांना वाटतं, चालल्या असतील कोणाला तरी नावं ठेवत. आज मात्र मी तुम्हाला खरोखरच नावं ठेवायला सांगणार आहे. माणसांना नाही, फोटोंना.

कॉम्प्युटरवरचा फोटोंचा कोणताही फोल्डर उघडून पाहा. आयएमजी ४५२१, डीएससी ०१८७, अशी नावं दिसतील. ही नावं कॅमेऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी दिलेली असतात. डिजिटल कॅमेरे बनवणाऱ्यांनी ठरवून घेतलेला नियम आहे: आधी चार अक्षरं, मग चार आकडे. आकडे ९९९९ पर्यंत गेले की पुन्हा ०००१ पासून सुरुवात. म्हणजे नातवाच्या बारशाचा आणि त्याच नातवाच्या शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो एकाच नावाचा असू शकतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात तारीख असते खरी, पण फोटो काढल्याची नाही. १९७५ सालच्या लग्नाचा फोटो कोणी मागच्या दिवाळीत पाठवला असेल, तर त्याच्या नावात मागची दिवाळीच दिसते.

रोजच्या फोटोंचं एक वेळ चालून जातं. आत्ता काढलेल्या फोटोत कोण आहे हे आपल्याला माहीत असतं. जुन्या फोटोंचं तसं नसतं.

आमचं घर सांगलीचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आलं, तेव्हा खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात सासऱ्यांच्या वडिलांपासूनचे अल्बम होते. पाणी ओसरल्यावर एकेक फोटो सोडवून, दोरीला चिमटे लावून वाळवला. बरेचसे चेहरे वाचले. मागच्या बाजूला शाईच्या पेनने लिहिलेली नावं मात्र धुऊन गेली. निळसर डाग तेवढे राहिले. पुढे ते सगळे फोटो स्कॅन करून घेतले. पेनड्राइव्हमध्ये ३८६ फोटो आले आणि त्यांची नावं होती स्कॅन ०००१ ते स्कॅन ०३८६.

चेहरे वाचले आणि नावं गेली, तर उरलं काय? माझ्या मुलांना त्यातली दहा माणसंसुद्धा ओळखता येत नव्हती. मला पन्नासेक, सासूबाईंना थोडी जास्त. सगळी ओळखणारी एकच व्यक्ती आता आमच्यात आहे, सासऱ्यांची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. वय शहाऐंशी. एका डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, दुसऱ्याला मोठं करून दाखवलं की दिसतं. बुद्धी लख्ख. कोणाच्या लग्नात बुंदी कमी पडली होती हेसुद्धा त्यांना आठवतं. डोक्यातलं ते सगळं उतरवून घ्यायचं तर आत्ताच, हे घरात कोणी बोलून दाखवलं नाही, पण कळत सगळ्यांनाच होतं.

म्हणून चातुर्मासात ते काम हाती घेतलं. सूर्यास्ताआधी आपली जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी असते. वेळ ठरवला एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. सामायिकाचं पुण्य या कामात नाही हे मला माहीत आहे, पण एकदा बसलं की बैठक मोडायची नाही, ही सवय तिथलीच. आक्का आरामखुर्चीत, मी शेजारी पाटावर लॅपटॉप ठेवून.

आता मुद्द्याचं सांगते. म्हातारं माणूस आठवू लागलं की त्याचा एक वेग असतो. आधी बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम चार नावं, दोन गावं, एक भांडण आणि एक बाळंतपण. तेवढ्यात आपण माउसने फोटोवर उजवं बटण दाबणार, यादीतून नाव बदलण्याचा पर्याय शोधणार, जुनं नाव खोडणार, नवं लिहिणार, मग पुढच्या फोटोवर जाणार. तोवर आक्का विचारतात, "झालं का गं तुझं?" आणि धागा तुटतो. पुन्हा तो धागा त्याच टोकाला सापडेल याची खात्री नसते. म्हणून हात कीबोर्डवरून उचलायलाच नको अशी पद्धत हवी. ती अगदी सोपी आहे.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर फोल्डरमधल्या पहिल्या फोटोवर एकदा क्लिक करा आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं एफ२ दाबा. फोटोचं नाव निळं होतं, म्हणजे ते बदलायला तयार झालं. लगेच टाइप करायला लागलात तर जुनं नाव पुसून नवं येतं. जुनं ठेवून पुढे लिहायचं असेल तर उजवीकडचा बाण एकदा दाबा, कर्सर नावाच्या शेवटी जाऊन उभा राहतो. लिहून झालं की एंटर दाबू नका, टॅब दाबा. टॅब दाबला की नाव जतन होतं आणि पुढच्या फोटोचं नाव आपोआप निळं होतं. पुन्हा एफ२ दाबायला नको. लिहा, टॅब, लिहा, टॅब. मागच्या फोटोवर परत जायचं तर शिफ्ट धरून टॅब. मध्येच वाटलं की नको, जुनंच नाव राहू दे, तर एस्केप.

काही लॅपटॉपवर एफ२ दाबलं की नाव बदलण्याऐवजी आवाज किंवा उजेड कमीजास्त होतो. तिथे खालच्या कोपऱ्यातलं एफएन बटण धरून एफ२ दाबायचं. लेकीसुनांपैकी कोणाकडे ॲपलचा मॅक असेल तर तिथे एफ२ नाही. फोटो निवडून रिटर्न दाबलं की नाव बदलता येतं.

अडचण एवढीच, की फोल्डरमध्ये फोटो लहान दिसतात आणि आक्कांना मोठे हवेत. त्यासाठी फोटो बघण्याचं वेगळं सॉफ्टवेअर घेतलं. इरफानव्ह्यू नावाचं आहे, घरगुती वापराला फुकट, १९९६ पासून चालत आलेलं, जुन्या कॉम्प्युटरवरही चटकन उघडणारं. त्यात एक फोटो मोठा दिसतो. आक्का सांगतात, मी एफ२ दाबते, नाव लिहिते, एंटर करते. मग स्पेसबार दाबला की पुढचा फोटो, बॅकस्पेस दाबला की मागचा. नाव लिहिताना शेवटचं 'जेपीजी' तसंच राहील एवढं बघा, ते गेलं तर फोटो उघडायला त्रास होतो. फास्टस्टोन आणि डिजिकॅम या दोन फुकट सॉफ्टवेअरमध्येही नाव बदलायला एफ२च आहे. फोटोचा व्यवसाय करणारे लाइटरूम वापरतात, त्यातही एफ२. मात्र तुमच्याकडे कोणी लाइटरूम वापरत असेल तर नावं त्याच्या आतूनच बदला. बाहेरून बदललीत तर त्याच्या सूचीला तो फोटो सापडत नाही. गूगल फोटोजमध्ये फाइलचं नाव बदलता येत नाही, तिथे फोटोखाली वर्णन लिहायची सोय आहे.

नाव कसं लिहायचं, याचीही एक पद्धत बसवली. सुरुवातीचा स्कॅनचा क्रमांक तसाच ठेवला, म्हणजे फोटोंचा क्रम हलत नाही आणि अल्बममधला मूळ फोटो सापडतो. मग साल, मग प्रसंग, मग गाव, मग माणसं, डावीकडून उजवीकडे. नावात तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण आणि कोलनचे दोन ठिपके चालत नाहीत. म्हणून तारीख लिहिताना मध्ये आडवी रेघ घाला. आणि सगळे फोटो एका क्रमाने लागायला हवे असतील तर आधी साल, मग महिना, मग दिवस. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात.

मराठीत लिहिता येतं का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. येतं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा. तो एकदा जोडून घेतला की विंडोजचं बटण धरून स्पेस दाबल्यावर भाषा बदलते. क्रमांकाचे आणि सालाचे आकडे मात्र इंग्रजी ठेवा, क्रम लावायला सोपं जातं.

सालांचं काय केलं, तेही सांगते. आक्कांना इसवी सन आठवत नाही, प्रसंग आठवतात. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ही पोटुशी होती," म्हणाल्या की मी लिहिते १९६७, कारण तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. "दुष्काळात लग्न झालं, पंगतीत भात नव्हता," म्हणजे १९७२च्या आसपास. आणि आपल्या घरांमधलं सगळ्यात भरवशाचं कॅलेंडर म्हणजे श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक. १९८१ साली मूर्तीला हजार वर्षं झाली तो सोहळा, मग १९९३, २००६ आणि २०१८. कोणाच्या कडेवर कोणतं मूल होतं हे आक्कांना त्या त्या यात्रेवरून पक्कं सांगता येतं. एका मुलाच्या कपाळावरच्या खोकेवरून आम्ही चार फोटोंचं साल लावलं, कारण ती खोक १९८१च्या यात्रेत बसच्या पायरीवर पडून झालेली. साल नक्की नसेल तिथे सालापुढे 'सुमारे' लिहायचं. पुढे कोणाला तरी नक्की कळेल, तेव्हा तो दुरुस्त करील.

आणि मग बायकांच्या नावांचा प्रश्न आला.

१९६७चाच एक मोठा गट-फोटो आहे, स्टुडिओच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खुर्च्यांवर पुरुष, त्यांच्या मागे बायका उभ्या, पुढे सतरंजीवर मुलं. पुठ्ठ्यावर छापील अक्षरात खुर्च्यांवरच्या सातही जणांची नावं आहेत, वडिलांच्या नावासकट. मागे उभ्या असलेल्या नऊ बायकांसाठी एकच शब्द आहे, 'मंडळी'. पुराने काही नेलं नाही तिथे, मुळातच लिहिलेलं नव्हतं.

आक्काही सुरुवातीला तशाच सांगत होत्या. "ही जयसिंगपूरची सून. ही धाकटी काकू. ही तुझ्या सासऱ्यांच्या मामांची मंडळी." मी विचारलं, "आक्का, हिचं नाव काय पण?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठलं? माहेरचं का सासरचं?"

लग्नात नाव बदलायची रीत आपल्याला नवी नाही. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि त्या दिवसापासून जुन्या नावाने हाक मारणारी माणसं दुसऱ्या गावाला. पण फाइलीला नाव द्यायला बसल्यावर कळलं, की या एका चेहऱ्याला दोन नावं आहेत आणि पुठ्ठ्यावर एकही नाही. त्या संध्याकाळपासून आमच्या पद्धतीत बायकांपुरता एक भाग वाढला: सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव. फाइलीच्या नावाला जागा भरपूर असते. पुठ्ठ्यावर नसेल, इथे आहे.

नऊपैकी आठ जणींची दोन्ही नावं आक्कांनी सांगितली. माहेरचं नाव सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, लहानपणी विहिरीवर मारलेल्या हाकेसारखा. नवव्या बाईचं सासरचं नाव आठवेना. त्या तिसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेल्या होत्या आणि घरात त्यांचा उल्लेख पुढे 'पहिली' असाच व्हायचा. चार दिवसांनी सकाळी देवदर्शनाहून येताना आक्का जिन्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "आठवलं बघ." मी ओल्या हाताने लॅपटॉप उघडला. एफ२, उजवा बाण, नाव, एंटर. आक्का जिन्यातच उभ्या होत्या, लिहिलं का म्हणून बघत.

घरच्या बायकांची ही नावं मी इथे लिहीत नाही, ती घरची आहेत. पण त्यांचा उपयोग काय झाला ते सांगते.

कार्तिकात बेळगावहून सासऱ्यांच्या चुलत घरातली एक बहीण आली होती. साठीच्या आहेत. चार वर्षांच्या होत्या तेव्हा आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं. त्यांच्याकडे आईचा एकच फोटो आहे, लग्नातला. मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान, चेहरा असा नाहीच. फोल्डरच्या वर शोधायची चौकट असते, कंट्रोल आणि एफ दाबलं की कर्सर तिथे जातो. मी त्यांच्या आईचं नाव लिहिलं. पाच फोटो आले. तीन वेगवेगळ्या अल्बमांतले, वेगवेगळ्या सालांचे, कधीच एकत्र नसलेले. एकात त्या परड्यात मिरच्या वाळत घालताना आहेत आणि तोंड उघडून हसताहेत. आक्कांनी तो फोटो पाहून आधीच सांगून ठेवलं होतं की ती अशीच मोठ्याने हसायची आणि सासूबाई रागवायच्या.

ताईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग खालची फाइलीची ओळ वाचली आणि मला विचारलं, "हे दुसरं नाव कोणाचं?"

ते त्यांच्या आईचं माहेरचं नाव होतं. साठ वर्षांत त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, कीबोर्डच्या एका बटणाचं मी एवढं पुराण का लावलं, ते आता कळलं असेल.

शेवटी नव्या फोटोंसाठी दोन गोष्टी. लग्नाचे किंवा पंचकल्याणकाचे दोनशे फोटो असतील तर प्रत्येकाला वेगळं नाव देत बसू नका. कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवडा, एफ२ दाबा, एकदाच साल, प्रसंग आणि गाव लिहा, एंटर करा. सगळ्यांना तेच नाव लागतं आणि पुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे येतात. पसंत पडलं नाही तर लगेच कंट्रोल आणि झेड, जुनी नावं परत. नाव बदलल्याने फोटोच्या आत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख बदलत नाही, तेव्हा घाबरू नका. पण त्याआधी एकसारखे दिसणारे, डोळे मिटलेले, हललेले फोटो काढून टाका. परिग्रह कपाटातलाच असतो असं नाही. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर, दुसऱ्या घरी. पूर एका वेळी एकाच घरात यावा अशी आशा धरायची नाही, पण प्रत दोन ठिकाणी तर ठेवता येते.

आमच्या ३८६ फोटोंपैकी ३५७ जणांना नावं लागली. उरलेल्या २९ फोटोंच्या नावात मी 'ओळख बाकी' असं लिहून ठेवलंय. शोधायच्या चौकटीत ते दोन शब्द लिहिले की सगळे एकत्र समोर येतात. त्यांच्या मोठ्या प्रती काढल्या आहेत. पुढच्या महिन्यात कुंभोज बाहुबलीला भाऊबंदांचा मेळा जमणार आहे, तिथे त्या घेऊन जाणार आहे. आक्कांसारखं कोणी ना कोणी प्रत्येक घरात असतंच.

तुमच्या घरात ते कोण आहे? आज जेवणं लवकर उरकली की त्यांच्याशेजारी बसा. दहा फोटो पुरे. आणि फोटोतली बाई आली की तिची दोन्ही नावं विचारा.